नगरनियोजनात लोकांची माहिती आणि तज्ज्ञांचं शास्त्र एकत्र कसं आणायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विकास आराखड्याच्या बैठका सोसायटीच्या गच्चीवर होवोत, वस्तीतल्या समाजमंदिरात होवोत किंवा क्षेत्रीय कार्यालयात, प्रश्न बहुतेक तेच येतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या कायद्याला धरून आणि पुणे-मुंबईच्या अनुभवावरून दिली आहेत. गोव्याचा कायदा वेगळा आहे, त्याबद्दल खाली स्वतंत्र प्रश्न आहे.

विकास आराखडा म्हणजे नेमकं काय, आणि माझा त्याच्याशी काय संबंध?

शहरात पुढची साधारण वीस वर्षं कुठे काय होणार हे ठरवणारा कायदेशीर नकाशा, आणि त्याच्यासोबतचा अहवाल. कोणती जमीन निवासी, कोणती औद्योगिक, कुठे बांधकामाला बंदी, कोणता रस्ता किती रुंद, शाळा, दवाखाना, उद्यान, मंडई, स्मशानभूमी कुठे, हे सगळं त्यात असतं. अशा सोयीसाठी राखून ठेवलेल्या जागेला 'आरक्षण' म्हणतात. महाराष्ट्रात तो महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याखाली होतो. बोलताना सगळे त्याला एमआरटीपी म्हणतात.

मालकीची जमीन नसेल तर आपला काय संबंध, असं बरेच जण विचारतात. कायद्यानं हरकत घेण्याचा हक्क कोणालाही दिला आहे. भाड्यानं राहणारा, झोपडीत राहणारा, रोज त्या रस्त्यानं कामाला जाणारा, कोणीही हरकत नोंदवू शकतो. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड जोडायची सक्ती नाही.

नियोजन हे तज्ज्ञांचं काम. त्यात सामान्य माणसानं काय सांगायचं?

जे उपग्रहाच्या छायाचित्रात दिसत नाही, ते.

आराखड्याची पहिली पायरी म्हणजे सध्या कोणती जमीन कशासाठी वापरली जाते याचा नकाशा. सगळा पुढचा हिशोब यावर उभा असतो. हा नकाशा चुकला, तर त्यावर केलेलं उत्तम गणितही चुकीचंच उत्तर देतं. मुंबईत नेमकं हेच झालं. २०१४ ते २०३४ या काळासाठीचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि लोकांनी आपापला भाग उघडून पाहिला, तेव्हा उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले, वारसा वास्तूंच्या नोंदी गाळलेल्या, धार्मिक स्थळांचे वापर चुकीचे दाखवलेले आढळले. एवढा गदारोळ झाला, की एप्रिल २०१५ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो रद्द करून नव्यानं दुरुस्त करायला सांगितलं. सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला आणि नवी नियमावली लागू व्हायला २०१८ उजाडलं. तज्ज्ञ अडाणी होते असं अजिबात नाही. कागदावर आणि पडद्यावर जे दिसलं ते त्यांनी नोंदवलं. ते तिथे राहणाऱ्याला दाखवून खात्री करून घेण्याचं काम कमी पडलं.

कोळीवाड्यांचं उदाहरण घ्या. मासळी वाळवायचं आवार, होड्या ओढून ठेवायची आणि जाळी दुरुस्त करायची जागा वरून पाहिली तर मोकळी जमीन दिसते. नकाशा काढणाऱ्यानं तिला 'रिकामी' म्हटलं की पुढचा माणूस तिथे काहीही सुचवू शकतो. त्या जागेवर किती घरांची चूल चालते, पावसाळ्यात तिचा काय उपयोग होतो, हे कोळणीला विचारल्याशिवाय कळणार नाही. म्हणूनच मुंबईतल्या कोळीवाड्यांच्या सीमा नीट आखाव्यात ही मागणी इतकी वर्षं धरून ठेवावी लागली.

मग लोक म्हणतील तसाच आराखडा का करू नये?

कारण शहराच्या काही गोष्टी एका गल्लीतून दिसत नाहीत. सांडपाण्याची मुख्य वाहिनी उतारानंच जाते. तिला प्रभागाची हद्द कळत नाही. पाण्याची टाकी उंचावरच लागते. आणि काही सोयी अशा, की सगळ्यांना हव्यात पण कोणालाच शेजारी नकोत. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीत गेला. तिथल्या गावकऱ्यांनी अनेकदा गाड्या अडवल्या, तेव्हा कुठे शहरातल्या शहरात कचरा जिरवण्याची चर्चा गंभीरपणे सुरू झाली. प्रत्येक प्रभागाला 'आमच्याकडे नको' म्हणायची मुभा दिली, तर ओझं ज्याचा आवाज सर्वांत बारीक त्याच्यावर जातं. इथे आकडे मांडणारा, पर्याय तपासणारा तज्ज्ञ लागतोच, आणि तो निर्भीड असावा लागतो.

लोकांची आठवणसुद्धा तपासून घ्यावी लागते. पुण्यात नदीकाठच्या जुन्या घरांतली माणसं १२ जुलै १९६१ चं पाणी कुठपर्यंत आलं होतं ते हात उंचावून दाखवतात. ती माहिती मोलाची आहे. पण तो पूर पानशेतचं धरण फुटल्यामुळे आला होता. पाटबंधारे खात्याची निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. धरणफुटीचं पाणी या हिशोबात बसत नाही. उलट, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला जो लोंढा आला आणि अरण्येश्वर, सहकारनगर भागात माणसं दगावली, तो प्रश्न निव्वळ नदीच्या पूररेषांनी सुटणारा नव्हता. ओढा कुठे अरुंद झाला, कोणती सीमाभिंत पाण्याला आडवी आली, कोणत्या पुलाखाली गाळ साचतो, हे काठावरचे लोक सांगू शकतात. किती पावसाला किती रुंदीचं पात्र लागेल, हे जलशास्त्र जाणणारा सांगतो. दोघांनी एकत्र ओढ्याच्या काठानं चालायला हवं, शक्यतो पावसाळ्याच्या आधी.

कायद्यात लोकांना कुठे कुठे बोलायची संधी आहे?

ठळक टप्पे असे. कलम २३ नुसार महापालिका आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते आणि सूचना मागवते. कलम २५ नुसार सध्याच्या जमीन वापराचा नकाशा होतो. कलम २६ नुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि हरकती-सूचना मागवल्या जातात. कलम २८ नुसार नियोजन समिती सुनावणी घेते. मग आराखडा राज्य सरकारकडे जातो आणि कलम ३१ खाली मंजूर होतो. सरकारनं त्यात मोठे बदल केले तर तेवढा भाग मंजुरीतून वगळून पुन्हा हरकतींसाठी ठेवला जातो. बोलीभाषेत त्याला 'ईपी' (एक्सक्लूडेड पार्ट, म्हणजे वगळलेला भाग) म्हणतात. या शेवटच्या टप्प्याकडे फारसं कोणी बघत नाही, आणि मोठमोठे बदल कित्येकदा तिथेच होतात.

हरकतींची मुदत नोटिशीत दिलेली असते. ऐकीव माहितीवर राहू नका, नोटीस स्वतः वाचा.

आता मनातलं सांगते. बहुतेक लोक कलम २६ च्या वेळी जागे होतात, कारण तेव्हा वर्तमानपत्रात बातमी येते. तोवर नकाशा काढून झालेला असतो, त्यावर कोणाकोणाची आशा बसलेली असते, आणि बदल सुचवणारा प्रत्येक जण विरोधक ठरतो. लोक आणि तज्ज्ञ यांनी एकत्र बसायची खरी वेळ कलम २५ ची, जमीन वापराचा नकाशा होत असतानाची. तेव्हा कोणाला काही गमवायचं नसतं. 'इथे अंगणवाडी आहे', 'ही विहीर अजून वापरात आहे', 'या आरक्षित बागेत गेली पंधरा वर्षं गोडाऊन आहे' एवढंच सांगायचं असतं. कायदा या टप्प्यावर जाहीर सुनावणी सक्तीची करत नाही, पण ती घ्यायला मनाईही करत नाही. मुंबईत संस्थांनी आणि नागरिक गटांनी या नकाशातल्या चुका प्रभागवार शोधून महापालिकेला दिल्या होत्या. ते काम सगळीकडे व्हायला हवं.

हरकत कशी लिहायची? 'आमचा विरोध आहे' एवढं पुरतं का?

पुरत नाही. सुनावणी घेणाऱ्यासमोर हजारो अर्ज असतात. ज्या अर्जातली गोष्ट नकाशावर बोट ठेवून दाखवता येते, तिचा विचार होतो.

समजा, तुमच्या भागात १२ मीटरचा नवा डीपी रस्ता, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, दाखवला आहे आणि तो ओढ्यातून जातो. 'पर्यावरणाचा नाश करणारा रस्ता रद्द करा' असं लिहिलं तर भावना पोचते, काम होत नाही. त्याऐवजी अर्जात इतक्या गोष्टी यायला हव्यात: नकाशाचा शीट क्रमांक, सर्व्हे नंबर, प्रस्तावाचं वर्णन, मग वस्तुस्थिती, म्हणजे 'या सर्व्हे नंबरमधून वाहणारा ओढा मूळ गावनकाशात दाखवला आहे, प्रारूप आराखड्यात तो दिसत नाही', मग पुरावा, म्हणजे भूमी अभिलेख कार्यालयातून घेतलेली गावनकाशाची नक्कल आणि पावसाळ्यातले तारखेसह फोटो, आणि शेवटी नेमकी मागणी, म्हणजे 'ओढा नकाशात दाखवावा, दोन्ही काठांना मोकळा पट्टा ठेवावा आणि रस्त्याची आखणी पश्चिमेच्या पायवाटेवरून करावी'.

पर्याय सुचवलेला असला की समितीतला अभियंता त्यावर लगेच विचार करू शकतो. रस्ता नको असेल तर गाड्या कुठून जाणार याचंही उत्तर द्या. शाळा हवी असेल तर 'शाळा नाही' म्हणून थांबू नका. केंद्राच्या नियोजन मार्गदर्शक तत्त्वांत साधारण ५,००० लोकसंख्येला एक प्राथमिक शाळा धरतात. तुमच्या भागाची लोकसंख्या, असलेल्या शाळा आणि मुलांना तिथपर्यंत जाताना ओलांडावा लागणारा रस्ता, एवढं मांडलंत तर मागणीला तज्ज्ञांच्या भाषेतला आधार मिळतो.

अर्ज मराठीत लिहा, हातानं लिहिलात तरी चालतं. पोच मात्र शिक्क्यासह घ्या. पोचेशिवाय सुनावणीच्या पत्राचा पाठपुरावा करता येत नाही.

छापील नमुन्यावर सह्या करून हजारो हरकती दिल्या तर उपयोग होतो का?

होतो, पण मर्यादित. संख्येमुळे विषय बातमीत येतो, नगरसेवकांना दखल घ्यावी लागते. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या प्रारूप आराखड्यावर २०१३ साली ८७ हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या. शहराला आपल्या आराखड्याची किती काळजी आहे हे त्यातून दिसलं. पण एवढ्या लोकांना सुनावणीत प्रत्येकी किती वेळ मिळणार? छापील नमुन्याला पुरवणी म्हणून, आपल्या भागाची माहिती असलेल्या चार-पाच जणांनी सविस्तर, पुराव्यासह स्वतंत्र हरकती द्याव्यात आणि सुनावणीत त्यांनीच बोलावं. बाकीच्यांनी सोबत जावं. सभागृह भरलेलं असलं की बोलणाऱ्यालाही बळ येतं.

नियोजन समितीत तज्ज्ञ असतात ना? मग तरीही वाद का होतात?

कायद्यानं या समितीची रचना विचारपूर्वक केली आहे. स्थायी समितीचे तीन सदस्य, म्हणजे निवडून आलेले लोक, आणि नगरनियोजन किंवा पर्यावरणाचं विशेष ज्ञान वा अनुभव असलेले जास्तीत जास्त चार सदस्य. लोकांचा प्रतिनिधी आणि विषयाचा जाणकार एका टेबलाशी बसून निर्णय घेतील, अशी कल्पना. कल्पना म्हणून ती मला आजही पटते.

पुण्यात मात्र नगरसेवक आणि तज्ज्ञ सदस्य यांची मतं जुळली नाहीत आणि दोन्ही बाजूंनी वेगवेगळे अहवाल दिले. पुढे २०१५ मध्ये राज्य सरकारनं आराखडा महापालिकेकडून काढून घेतला, अधिकाऱ्यांच्या समितीकडे सोपवला आणि जानेवारी २०१७ मध्ये तो मंजूर केला. या सगळ्यात निवडून आलेल्या सभागृहाचं म्हणणं मागे पडलं, आणि सुनावणीत बोललेल्या नागरिकांना आपल्या हरकतीचं काय झालं ते शोधत बसावं लागलं.

दोष एकट्या कोणावर टाकून उपयोग नाही. समितीतले तज्ज्ञ आणि नगरसेवक पहिल्यांदा भेटतात तेच हरकतींच्या ढिगाऱ्यासमोर. त्याआधी त्यांनी शहर एकत्र फिरून पाहिलेलं नसतं, कोणत्या निकषावर आरक्षण ठेवायचं वा उठवायचं हे ठरवलेलं नसतं. निकष आधी जाहीर केले, म्हणजे 'एखादं खेळाचं मैदान उठवायचं तर त्याच भागात तेवढीच पर्यायी जागा दाखवली पाहिजे' असं आधीच लिहून ठेवलं, तर मतभेद झाले तरी ते लोकांना समजतील असे होतात. आणि प्रत्येक हरकतीपुढे 'मान्य', 'अंशतः मान्य' वा 'अमान्य' लिहून एका ओळीत कारण द्यायला हवं. हे अगदी साधं काम आहे आणि लोकांचा विश्वास टिकवायला याहून परिणामकारक काही मी पाहिलेलं नाही.

झोपडपट्टीत, जिथे घरं एकमेकांना चिकटून आहेत, तिथे असा सहभाग शक्य आहे का?

शक्य आहे, आणि याचं चांगलं उदाहरण पुण्यातच, येरवड्यात आहे. केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून शहरी गरिबांसाठी घरं बांधायची होती. नेहमीचा मार्ग म्हणजे वस्ती पाडून उंच इमारत उभी करणं. येरवड्यातल्या काही वस्त्यांत तसं केलं नाही. महिला मिलन ही वस्त्यांतल्या बायकांची संघटना, स्पार्क ही संस्था आणि वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई यांच्या कार्यालयानं जागच्या जागी पुनर्बांधणी केली. पक्की घरं तशीच ठेवली, कच्ची तेवढी उतरवून तिथेच नवी बांधली. प्रत्येक घराला २७० चौरस फूट चटई क्षेत्र. खर्चातला दहा टक्के वाटा कुटुंबाचा.

काम कसं झालं ते जवळून पाहण्यासारखं आहे. आधी घरोघरी मोजणी. कोणाचं घर किती बाय किती, कच्चं की पक्कं, कोण कोणाच्या भिंतीला लागून, हे टेप धरून नोंदवलं, आणि त्यात वस्तीतल्या बायकाच पुढे होत्या. महिला मिलनच्या कामात खऱ्या मापाचं नमुना-घर उभारायची पद्धत जुनी आहे. बांबू-कापडाचं का होईना, आत उभं राहता येईल असं. कागदावर २७० चौरस फूट वाचून कोणाला काही कळत नाही. पण त्या नमुन्यात शिरलेली बाई लगेच सांगते: ओटा इथे नको, दार उघडलं की गॅसवर वारं येईल, मोरी आणि संडास वेगळे हवेत, जिना आतून दिला तर वरची खोली भाड्यानं देता येणार नाही. वास्तुरचनाकाराला हे सगळं कॉलेजात शिकवलेलं नसतं.

आणि वास्तुरचनाकाराचंही काम तिथे सुटत नाही. काही घरांची जागा इतकी अरुंद, की एकट्याचं घर उभंच राहणार नाही. मग दोन-तीन शेजाऱ्यांना एकत्र आणून सामाईक भिंत आणि पायावर वर-खाली घरं रचायची, पायाची मजबुती पाहायची, गल्लीत उजेड आणि वारा येईल असं सोडायचं, सांडपाण्याचा उतार काढायचा, हे बांधकाम जाणणाऱ्यालाच जमतं. शेजाऱ्यांनी एकमेकांशी बोलून तयार व्हायचं आणि तज्ज्ञानं ते उभं राहील याची खात्री द्यायची, अशी ही वाटणी होती. वेळ जास्त लागतो, कंत्राटदाराला एकेक घर बांधणं परवडत नाही, मोजमापांचे हिशोब किचकट होतात. हे तोटे लपवायचं कारण नाही. तरी शेजार, गल्ली आणि रोजगार जागेवर राहतो, आणि माझ्या मते त्यापुढे हा त्रास सोसण्याजोगा आहे.

मला नकाशा वाचता येत नाही. काय करू?

आधी आपलं घर शोधा. मग शाळा, देऊळ, रिक्षा स्टँड, ओढा अशा ओळखीच्या खुणा. एकदा त्या सापडल्या की दिशा समजते. मग रंगांची सूची पाहा आणि तुमच्या भागातली आरक्षणं यादीशी ताडून घ्या. प्रारूप आराखड्याची प्रत पाहायला आणि विकत घ्यायला उपलब्ध ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. 'साहेब नाहीत' हे उत्तर चालत नाही.

तज्ज्ञांनाही एक विनंती. पडद्यावर नकाशा फिरवत बसू नका. प्रभागाचा भाग मोठा छापून जमिनीवर पसरा आणि लोकांच्या हातात स्केचपेन द्या. लोक भोवती बसतात, वाकून बघतात, एकमेकांना दुरुस्त करतात. 'अहो काकू, ती टाकी या बाजूला आहे' असं कोणी म्हणालं, की समजावं काम सुरू झालं.

बैठकीला नेहमी तेच चार निवृत्त लोक येतात. बाकीच्यांचं कसं?

निवृत्तांचे आभारच मानायला हवेत, त्यांच्यामुळे कित्येक मैदानं वाचली आहेत. पण सकाळी अकराची बैठक म्हणजे धुणंभांडी करणाऱ्या ताई, रिक्षावाले, कंपनीत जाणारे सगळे बाहेर. वेळ संध्याकाळची ठेवा, रविवारीही घ्या. बायकांची वेगळी बैठक घ्या; एकत्र बैठकीत सार्वजनिक शौचालय आणि रस्त्यावरचा अंधार हे विषय निघतच नाहीत. मुलांना विचारा, शाळेचा रस्ता त्यांच्याइतका कोणालाच माहीत नसतो. आणि शक्य असेल तिथे बैठक सोडून चाला. व्हीलचेअर वापरणारा शेजारी आणि पालिकेचा अभियंता यांनी एक रस्ता एकत्र पार केला, की फूटपाथ १५० मिलिमीटरपेक्षा उंच का नको आणि चालायला निदान १.८ मीटर मोकळी रुंदी का हवी, हे इंडियन रोड्स काँग्रेसचे निकष वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत.

फेरीवाल्यांचा प्रश्न आला की सगळी चर्चा बिनसते. त्यावर काही मार्ग?

२०१४ च्या फेरीवाला कायद्यात मार्ग दिलेला आहे. शहर फेरीवाला समितीत निदान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला असाव्यात. वाहतूक पोलीस, नियोजनकार आणि रहिवासी हेही त्यात असतात. म्हणजे जागा ठरवताना ज्याचं पोट त्यावर आहे तो टेबलाशी असतो. जिथे ही समिती नुसती कागदावर आहे तिथे कारवाई आणि परत बसणं हे चक्र चालू राहतं.

अंदाजपत्रकात नागरिकांचा सहभाग असतो म्हणतात. तो याच प्रकारचा आहे का?

छोट्या प्रमाणावर, हो. पुणे महापालिकेनं २००६ पासून नागरिकांकडून कामं सुचवून घ्यायला सुरुवात केली. क्षेत्रीय कार्यालयातून अर्ज घ्यायचा, आपल्या प्रभागातलं काम लिहायचं. बाकं, दिवे, फूटपाथ अशी लहान कामं त्यात बसतात. अभियंता जागा कोणाची आहे, खर्च किती, हे तपासतो. रक्कम लहान असते, म्हणून काही जण नाक मुरडतात. मला ही चांगली तालीम वाटते. आपलं काम मंजूर का झालं नाही हे एकदा कनिष्ठ अभियंत्याला विचारून आलेला माणूस आराखड्याच्या सुनावणीत जास्त नेमकं बोलतो.

गोव्यात वेगळं काही घडलं का?

हो, आणि ते महाराष्ट्रानं नीट पाहण्यासारखं आहे. गोव्याचा प्रादेशिक आराखडा २०११ हा २००६ मध्ये अधिसूचित झाला, आणि शेती, डोंगर, किनारा बांधकामाला खुला होतोय हे लक्षात आल्यावर लोक गोवा बचाव अभियानाच्या झेंड्याखाली रस्त्यावर आले. जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. त्यानंतर नव्या आराखड्यासाठी कृती दल नेमलं, त्यात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया होते. मसुद्याचे नकाशे गावोगाव पाठवून ग्रामपंचायतींकडून सूचना मागवल्या. खाजन (खाडीकाठची, बांध घातलेली) जमीन, तळी, डोंगरउतार, जुनी वस्ती यांच्या नोंदी लोकांनी तपासल्या.

पुढे २०१२ मध्ये प्रादेशिक आराखडा २०२१ स्थगित झाला, आणि नंतर कायद्यात आलेल्या कलम १७(२), ३९अ यांसारख्या तरतुदींवरून पुन्हा वाद पेटले, कारण त्यांतून एकेका जमिनीचा वापर बदलण्याची वाट खुली झाली. गावांनी एवढं काम करून दिलेला नकाशा तुकड्यातुकड्यानं बदलता येत असेल, तर त्या कामाला कायद्याचं संरक्षणही तितकंच पक्कं हवं.

आता सगळं ऑनलाइन आहे. अ‍ॅपवर सूचना घेतल्या तर पुरे नाही का?

अ‍ॅप जरूर असावं, हरकत देण्यासाठी लोकांना रांगेत उभं करू नये. पण अ‍ॅपवर तज्ज्ञ उलट प्रश्न विचारत नाही आणि नागरिकाला 'असं केलं तर काय होईल' हे पाहता येत नाही. ज्यांच्याकडे वेळ आणि इंटरनेट आहे त्यांचाच आवाज मोठा होतो, हा धोका वेगळाच.

आमच्याकडे तज्ज्ञ नाही, आणि नेमायला पैसेही नाहीत.

जवळच्या वास्तुकला किंवा नियोजन शिकवणाऱ्या कॉलेजात जा. विद्यार्थ्यांना खरं काम हवं असतं आणि प्राध्यापकांना भाग निवडायचा असतो. निवृत्त अभियंते, भूमी अभिलेखमधून निवृत्त झालेले भूकरमापक, जलशास्त्र शिकवणारे शिक्षक तुमच्याच सोसायटीत असतील. त्यांना एक काम नेमून द्या: 'हा एवढाच ओढा पाहून द्या'. सगळं शहर कोणाला झेपत नाही. फुकट काम करणाऱ्यानं आपलं मत लादू नये आणि लोकांनीही त्याच्याकडून हवं तेच उत्तर मागू नये. रस्ता खरोखर लागणार असेल, तर तो तसं सांगणारच. मग त्याचं ऐकून मागणी बदलायची तयारी ठेवा.

आराखडा मंजूर झाला. आता काम संपलं का?

नाही. कलम ३७ खाली आराखड्यात फेरबदल होत राहतात आणि प्रत्येक फेरबदलाची नोटीस निघते, हरकतीला एक महिना मिळतो. या नोटिसा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक अक्षरात येतात. गटातल्या एकानं हे पान रोज पाहायची जबाबदारी घ्यावी.

दुसरं, आरक्षणांची मुदत. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही, तर कलम १२७ नुसार मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपुष्टात येतं. तुमच्या भागातलं मैदान असं हातचं जाऊ शकतं. म्हणून प्रभागातल्या आरक्षणांची एक यादी करा: क्रमांक, कशासाठी, जमीन कोणाची, ताब्यात आहे का, तरतूद आहे का. माहिती अधिकारात ही माहिती मिळते. दरवर्षी अंदाजपत्रकाच्या आधी ती यादी घेऊन नगरसेवकाला आणि क्षेत्रीय अधिकाऱ्यांना भेटा, आणि यंदा यांतल्या कोणत्या एका जागेचं संपादन होणार ते लेखी मागून घ्या.